समुद्रावरचे दिवस आणि बिदरला आलेला एक परदेशी

गेल्या वर्षी मार्गशीर्षात चिरंजिवांच्या आग्रहाखातर आम्ही उभयतांनी मुंबईहून निघणाऱ्या एका प्रवासी जहाजाने लक्षद्वीपपर्यंतचा प्रवास केला. बिदर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महसूल खात्यात तीस-पस्तीस वर्षे कोरडवाहू जमिनीच्या नोंदी पाहिलेल्या माणसाने साठीनंतर समुद्रावर जावे, हे आम्हांला काहीसे विपरीतच वाटत होते. मांजरा आणि कारंजा या दोन नद्यांपलीकडे पाण्याचा विचार आमच्या घराण्यात कोणी फारसा केला नव्हता. पण गेलो खरे. बेटाजवळ पोहोचल्यावर लाटा मोठ्या असल्याने लहान होड्यांतून उतरणे धोक्याचे ठरले आणि उतरण्याचा बेत रद्द झाला. त्यामुळे किनाऱ्याचे दर्शन न घेता लागोपाठ तीन दिवस पाण्यावरच काढावे लागले.

पहिल्या दिवशी मंडळी उत्साहात होती. तंबोला झाला, अंताक्षरी झाली, कोणी पत्त्यांचा डाव मांडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या रांगेत पुन्हापुन्हा तीच माणसे भेटू लागली आणि 'आज वार कोणता?' हा प्रश्न आम्ही निदान तिघांच्या तोंडून ऐकला. त्याच दिवशी संकष्टी होती. सौभाग्यवतींचा उपवास. सायंकाळी त्या डेकवर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज चंद्रोदय किती वाजता?" भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गावोगावचे चंद्रोदय छापलेले असतात. बिदर मुंबईच्या पूर्वेला असल्याने आपल्याकडे चंद्र वीसेक मिनिटे आधी उगवतो, एवढे आम्हांला ठाऊक होते. पण या पाण्याला गाव कोणते? मोबाईलला संपर्क नव्हता. आयुष्यभर तारखांची पडताळणी करून सह्या केलेल्या अधिकाऱ्याला आपल्या पत्नीला एवढे साधे उत्तर देता आले नाही. "दिसेल तेव्हा उगवला म्हणायचे," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

त्या रात्री ढग होते. चंद्राची वाट पाहत आम्ही दोघे कठड्याशी उभे असताना आम्हांला आपल्या बिदरला येऊन गेलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याची आठवण झाली. समुद्रावरच्या आणि परमुलखातल्या दिवसांचा हिशेब सुटू नये म्हणून याच अरबी समुद्रावर पाचशे साठेक वर्षांपूर्वी तो असाच आभाळाकडे पाहत असणार. त्याचे नाव अफानासी निकितिन. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी १९५७ साली आलेला 'परदेसी' हा चित्रपट पाहिला असेल. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून काढलेल्या त्या चित्रपटात नर्गिस आणि बलराज साहनी होते. तो चित्रपट या निकितिनचाच. पण चित्रपटातील प्रेमकथा बाजूला ठेवून मूळ टिपणे वाचावीत. त्यांत आपल्या भागाची जी नावे येतात ती वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात.

निकितिन रशियातील त्वेर या गावचा. तो घरून कधी निघाला याविषयी मतभेद आहेत. जुने अभ्यासक १४६६ म्हणत, अलीकडचे १४६८ मानतात. व्होल्गा नदीने खाली येताना अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. त्या लुटीत त्याची पुस्तकेही गेली. माल गेल्याचे दुःख व्यापाऱ्याला होणारच. पण पुस्तकांबरोबर सणवार काढण्याचे साधनही गेले आणि ते दुःख त्याला पुढची सारी वर्षे छळत राहिले. पुढे कॅस्पियन समुद्र ओलांडून, इराणातून चालत तो होर्मुझ बंदरात आला आणि तेथे एका घोड्यासह हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर चढला.

या जहाजाला त्याने 'तवा' म्हटले आहे. आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भाकरीचा तवा येईल, परंतु हे अरबी समुद्रावरचे शिडाचे गलबत होय. अशा गलबतांच्या फळ्या त्या काळी खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोऱ्यांनी शिवलेल्या असत. मस्कतपर्यंत दहा दिवस, पुढे गुजरातचा किनारा, खंबायत आणि मग चौल. सारे मिळून सहा आठवडे. या सहा आठवड्यांत त्याने वेळ कसा घालवला, हे तो सांगत नाही. आम्हांला मात्र अंदाज करता येतो, कारण त्याच्यासोबत घोडा होता. डोलणाऱ्या गलबतावर घोड्याला उभे ठेवणे, त्याचा चारा, त्याचे पिण्याचे पाणी, त्याची लीद, हे सारे रोजच्या रोज करावे लागते. हा घोडा जुन्नरपर्यंत आणण्यास आपणांस शंभर रूबल पडले, असे त्याने नोंदवले आहे. सारी पुंजी चार पायांवर उभी असलेल्या माणसाला समुद्रावर कंटाळा आला नसावा, काळजी मात्र वाटली असेल. दख्खनमध्ये तेव्हा चांगले घोडे निपजत नसत. बहमनी सुलतानांचे सारे घोडदळ समुद्रावरून येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून होते, म्हणूनच त्याने हे धाडस केले. चौलजवळ रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. अलिबागकडे जाणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळा तेथे काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन, असे म्हटले. खुरासानच्या एका खोजा महंमदाने मध्यस्थी केली, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. मग महिनाभर चालून तो बिदरला पोहोचला. महंमदशहा तिसरा त्या वेळी सुलतान होता आणि कारभार होता महमूद गावानकडे. निकितिन त्याला 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, या पदवीने ओळखतो. गावान हाही समुद्रावरूनच आलेला. इराणातील गिलान प्रांतातून निघून १४५३ साली तो दाभोळला उतरला होता. बिदरमध्ये आज अर्धवट पडलेल्या मिनाराशेजारी जो मदरसा उभा आहे तो १४७२ साली पूर्ण झाला, तेव्हा निकितिन येथे होता त्याच सुमारास त्याचे काम चालू असले पाहिजे. निकितिनने मदरशाविषयी अवाक्षर लिहिलेले नाही. सुलतानाच्या मिरवणुकीतले हत्ती त्याने मोजले, जहागीरदारांची श्रीमंती आणि गावकऱ्यांची उघडी अंगे त्याने पाहिली, घोड्यांना खिचडी खाऊ घालतात हे नोंदवले. इमारतीकडे मात्र दुर्लक्ष. ज्याची जी दृष्टी.

कलबुर्गीचे नाव त्याच्या टिपणांत आहे. त्याहून आमच्या आळंदकर मंडळींना आनंद होईल अशी गोष्ट म्हणजे शेख अलाउद्दीन यांच्या उरुसाचे त्याने केलेले वर्णन. बिदरपासून बारा कोस, वर्षातून एकदा भरणारी जत्रा, दहा दिवस साऱ्या मुलखाचा व्यापार, आणि विक्रीला वीस हजारांपर्यंत घोडे. अभ्यासक हे ठिकाण आळंद मानतात, जेथे लाडले मशायख यांचा दर्गा आजही आहे. कोसांचा आकडा आजच्या अंतराशी जुळत नाही, परंतु निकितिनचे कोस मोजण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. नोकरीत असताना आळंद तालुक्यातील एका गावी जमिनीच्या वादासाठी आम्ही अनेकदा गेलो, दर्ग्यावरूनही गेलो. तेव्हा व्होल्गाकाठच्या माणसाने ही जत्रा पाहिली होती, हे आम्हांला कोणी सांगितले असते तर त्या वादाची कागदपत्रे आम्ही जरा हलक्या मनाने चाळली असती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निकितिनला सर्वांत जास्त छळले ते दिवसांनी. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर हा सण चंद्रावर अवलंबून असतो. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, असा त्याचा हिशेब आहे. पुस्तके गेल्यावर हा हिशेब करणार कसा? जवळ दुसरा ख्रिस्ती माणूस नाही. मग त्याने काय केले, तर पहाटेच्या आभाळात कृत्तिका आणि मृग कोठे शिरले, सप्तर्षींचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे पाहून अंदाज बांधला. मुसलमानांचा रमजान आला की त्यांच्याबरोबर महिनाभर उपास केला. आपला उपास नेमका कोणता हे कळत नसल्याने तो निदान कोणाच्या तरी सोबतीने करावा, ही त्याची तडजोड. लिहिताना त्याची भाषाही घसरते. रशियन वाक्य चालू असता मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात, आणि प्रार्थना तर बहुतेक त्याच मिश्र बोलीत आहे. टिपणांचा शेवट अरबी प्रार्थनेने होतो. त्यावरून त्याने धर्मांतर केले होते की नाही, असा वाद विद्वान घालतात. तो त्यांना लखलाभ असो. आम्हांला दिसतो तो एवढाच की दूरदेशी एकट्या पडलेल्या माणसाला आपली भाषा आणि आपले सण एकाच वेळी हातातून निसटताना जाणवत आहेत आणि दोन्ही धरून ठेवण्यासाठी तो लिहीत आहे.

हे आम्हांला परके वाटत नाही. आपल्या घराण्यांकडे पाहावे. देशावरून येऊन भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांत स्थायिक झालेल्यांना कित्येक पिढ्या लोटल्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, दर्ग्याच्या वाटेवर आणि कचेरीत दख्खनी, असे आपण बोलत आलो. 'हौद' म्हणावे की 'होय' म्हणावे, याचा निर्णय समोरच्या माणसाचा चेहरा पाहून होतो. कालगणनेचेही तसेच. पंचांग शालिवाहन शकाचे, शाळेचे दाखले इसवी सनाचे, आणि निजामाच्या अमदानीतले सातबाऱ्याच्या जातीचे सारे कागद फसली सनाचे, तेही आझर, दय, बहमन अशा इराणी महिन्यांच्या नावांनी. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन येतो, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर आणि तेव्हाचे गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. कागदावरची नावे बदलत गेली. घरात आषाढी आणि कार्तिकी चुकल्या नाहीत. आमच्या आजी निरक्षर होत्या. त्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून एकादशी धरीत आणि शेजारच्या भटजींच्या पंचांगाशी त्यांचा हिशेब कधी चुकल्याचे आम्ही ऐकले नाही. निकितिनच्या टिपणांतली कृत्तिका आणि मृग आमच्या आजींनाही ठाऊक होती. त्यांना फक्त लिहिता येत नव्हते.

समुद्राला घाबरून मागे फिरलेल्यांचीही एक कथा कलबुर्गीशी जोडलेली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या महंमदशहा बहमनीने शिराझच्या हाफिज कवीला कलबुर्गीच्या दरबारात बोलावले. मीर फजलुल्ला इंजू याने वाटखर्चाचे पैसे पाठवले. हाफिज होर्मुझपर्यंत आला, दख्खनहून आलेल्या जहाजावर चढलाही. तेवढ्यात वादळ उठले. मित्रांचा निरोप घ्यायचा राहिला, असे निमित्त सांगून कविराज उतरले ते परत चढलेच नाहीत. एक गझल तेवढी पाठवून दिली. सुलतानाने राग न धरता उलट देणगी पाठवली, असे फिरिश्ता सांगतो. जहाजावर अर्धा दिवसही न काढता कलबुर्गीच्या खजिन्यातून बिदागी मिळवणारा हा एकटाच प्रवासी असावा.

पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि मराठी माणसेही लांबच्या समुद्रावर दिसू लागली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठरा वर्षांची मुलगी, नवरा सोबत नाही, सहप्रवासी अमेरिकन मिशनरी बायका, आणि समुद्र ओलांडला म्हणून मागे समाज रागावलेला. जवळजवळ दोन महिने. आपण हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले होते. ते सांगणे त्या बोटीवरच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी कसाला लागले असणार. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासाचे वर्णन मराठीत छापूनही आले. १९०६ साली सावरकर गेले, त्यांनीही बोटीवरच्या दिवसांविषयी लिहिले. पण समुद्रावरचे रिकामे दिवस सत्कारणी लावण्यात महात्माजींना कोणी मागे टाकलेले नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर १३ ते २२ तारखेच्या दरम्यान त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहून काढले. उजवा हात दुखू लागला तेव्हा डाव्या हाताने लिहिले. आमच्या जहाजावर त्याच अवधीच्या तिसऱ्या हिश्श्यात लोकांनी सात वेळा तंबोला खेळला. तुलना करू नये हे खरे.

आपल्या जिल्ह्यांतून मात्र लांबच्या समुद्रावर गेलेली माणसे बहुतेक हजला जाणारीच होती. गुलबर्ग्याहून रेल्वेने मुंबई, आणि मुंबईहून मोगल लाइनच्या बोटीने जेद्दा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हुमनाबाद भागातील एका वृद्ध हाजींनी आम्हांला आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली होती. शेतकरी माणूस. त्यापूर्वी त्यांनी तलावापेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. बोटीवर करायचे काय, तर पाच वेळची नमाज आणि मधल्या वेळात गावाकडच्या विहिरीची, बैलांची, पेरणीची चर्चा. कमरेच्या करगोट्याला त्यांनी रोज एक गाठ मारली. गाठी का, असे विचारले तर म्हणाले, "साहेब, तिथं सगळे दिवस सारखेच की हो. गाठ नसती तर मी घरी किती दिवसांनी आलो, हे मला तुम्हीच सांगितलं असतं." जेद्दा येण्यापूर्वी यलमलमच्या समोरून बोट जाऊ लागली की भोंगा होई आणि सारे यात्रेकरू शिवण नसलेली पांढरी वस्त्रे नेसत. समुद्रावर खूण कसली, खांब ना झाड. कप्तानाच्या भोंग्यावर विश्वास ठेवायचा. १९९५ नंतर मुंबईहून बोटीने हजला जाणे बंद झाले. आता विमानातच ती वस्त्रे नेसतात आणि काही तासांत पोहोचतात.

निकितिनच्या परतीच्या प्रवासाबद्दल सांगायचे राहिले. बिदरमध्ये घोडा वर्षभर पोसून त्याने विकला. आपल्या देशात नेण्याजोगा माल येथे फारसा नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात फार, अशी त्याची तक्रार आहे. शेवटी तो दाभोळला आला. होर्मुझपर्यंतच्या भाड्याचे दोन सोन्याचे नाणे ठरले आणि तो पुन्हा एका तव्यावर चढला. या वेळी समुद्रावर एक महिना गेला आणि त्या महिन्यात आपल्याला काहीच दिसले नाही, एवढेच तो लिहितो. आम्ही ते टिपण प्रथम वाचले तेव्हा हे वाक्य नजरेखालून गेले होते. तीन दिवस पाण्यावर काढल्यावर त्याचा अर्थ कळला. हत्ती मोजणारा, खिचडीची नोंद करणारा, पाच-पाच दिवसांच्या मजला लिहून ठेवणारा चौकस माणूस तो. त्याच्याजवळ तीस दिवसांसाठी एका ओळीपेक्षा अधिक काही नाही.

दुसऱ्या महिन्यात दिसले ते डोंगर आफ्रिकेचे होते. वाऱ्याने गलबत भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागले होते. लोकांनी आकांत केला. लूट टाळण्यासाठी तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटून टाकल्या, तेथे पाच दिवस काढले आणि मग बारा दिवसांनी मस्कत गाठले. तेथे त्याने परमुलखातला सहावा ईस्टर साजरा केला, अर्थात स्वतःच्या अंदाजाने. होर्मुझ, इराण, काळा समुद्र असे करीत तो रशियाच्या जवळ पोहोचला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे मरण पावला. घर काही दिसले नाही.

सौभाग्यवतींच्या संकष्टीचे काय झाले, असे वाचक विचारतील. रात्री साडेदहाच्या पुढे ढगांच्या फटीतून चंद्राची कोर नव्हे, चांगला मोठा तांबूस तुकडा दिसला. दोन-तीन मिनिटेच. तेवढ्यात त्यांनी पेल्यातल्या पाण्याने अर्घ्य दिले. डेकवरच्या आणखी चार-पाच बायका धावत आल्या. त्यांत एक हुबळीकडची होती. तिने कन्नडमध्ये विचारले, सौभाग्यवतींनी कन्नडमध्ये उत्तर दिले आणि दोघींनी मिळून आरती मात्र मराठीत म्हटली. उपवास सोडायला जेवणघर बंद झालेले होते. आम्ही बरोबर नेलेल्या दशम्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काम भागले.

निकितिनची वही त्याच्यासोबतच्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि तेथील राजाच्या कचेरीतील वासिली मामिरेव या लेखनिकाच्या हवाली केली. म्हणजे आमच्याच व्यवसायातला माणूस. त्याच्या हाती ती पडली म्हणून पुढे १४७५ सालच्या इतिवृत्तात ती नोंदली गेली. नंतर साडेतीनशे वर्षे ती जवळजवळ विस्मृतीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराला ती एका मठात सापडली. इतिवृत्तकाराने वहीच्या आरंभी एक टीप जोडली आहे. हा माणूस कोणत्या साली निघाला आणि कोणत्या साली हिंदुस्थानातून परतला, हे शोध करूनही आपणांस सापडले नाही, असा तिचा आशय आहे.